एक रुपयाची ज्वारी

तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात किलोमागे हे तीन दर लिहिले होते. त्यातल्या सर्वांत स्वस्त धान्यात ज्वारी येते. महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४पासून हा कायदा लागू झाला आणि राज्यातल्या सुमारे ७ कोटी लोकांना माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. त्या हिशेबाने सोलापूर जिल्ह्यातल्या गरीब कुटुंबाच्या घरात एक रुपया किलोची ज्वारी यायला हवी होती. आला तो गहू आणि तांदूळ. रेशनवर ज्वारी आलीच, तर ती एखाद्या महिन्यापुरती येते आणि तिची बातमी होते.

१ जानेवारी २०२३पासून तर ३, २, १ हे आकडेच पुसले गेले. धान्य मोफत झाले आणि पुढे पाच वर्षांची मुदतवाढही मिळाली. त्या पाच वर्षांचा अंदाजे खर्च ११ लाख ८० हजार कोटी रुपये सांगितला गेला. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अन्न अनुदानासाठी २ लाख ३ हजार ४२० कोटींची तरतूद होती. एवढ्या मोठ्या रकमेतून कोणते धान्य विकत घ्यायचे आणि कोणते बाजारावर सोडून द्यायचे, हा कृषिशास्त्राचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो सत्तेचा प्रश्न आहे. सोलापूरच्या ज्वारीचे आकडे एकाखाली एक मांडले की ते स्पष्ट दिसते.

भावाचा आकडा आधी पाहू, कारण तोच सर्वांत जास्त गोंधळात टाकतो.

रब्बीतल्या मालदांडी ज्वारीची किमान आधारभूत किंमत २०१७-१८मध्ये क्विंटलला १,७२५ रुपये होती. फेब्रुवारी २०१८च्या अर्थसंकल्पात उत्पादनखर्चाच्या दीडपट भावाचे धोरण जाहीर झाले आणि पुढच्याच हंगामात हा आकडा २,४५० झाला. एका वर्षात ४२ टक्के वाढ! २०२५-२६मध्ये तो ३,७४९वर पोहोचला. म्हणजे आठ वर्षांत ११७ टक्के. याच काळात भाताची किंमत १,५५०वरून २,३६९ झाली, ५३ टक्के. गव्हाची १,७३५वरून २,५८५, म्हणजे ४९ टक्के. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, क्विंटलला २५५वरून ३५५ झाली, ३९ टक्के. त्यातही साखरेच्या मूळ उताऱ्याची अट साडेनऊवरून सव्वादहा टक्क्यांवर नेली गेली.

या चार पिकांत कागदावरचा सर्वांत मोठा लाभ ज्वारीला मिळाला. भाव वाढवला की पेरा वाढतो, हे शेतीच्या अर्थशास्त्रातले सर्वांत साधे गृहीतक. मग ज्वारीचा पेरा वाढायला हवा होता.

आता पेऱ्याचा आकडा. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या १९६०-६१ साली राज्यात ज्वारीखाली ६२ लाख ८४ हजार हेक्टर जमीन होती. सगळ्या तृणधान्यांखालचे क्षेत्र १ कोटी ६ लाख हेक्टर, म्हणजे दर दहा हेक्टरांतले जवळपास सहा एकट्या ज्वारीचे. १९९०-९१पर्यंत हा आकडा ६३ लाखांवर टिकून होता. २०००-०१मध्ये तो ५१ लाखांच्या खाली आला, २०१०-११मध्ये ४० लाख ६० हजार झाला. आता खरीप आणि रब्बी मिळून ज्वारी २० लाख हेक्टरही भरत नाही. भाव दुप्पट झाला त्या वर्षांतही ही घसरण थांबली नाही. उलट, ऊस १९६०-६१मध्ये फक्त १ लाख ५५ हजार हेक्टर होता, तो २०१०-११पर्यंत ९ लाख ६५ हजारांवर गेला आणि पुढे चढउतार होत आणखी वर गेला.

भाव वाढला आणि पीक घटले, या दोन आकड्यांच्या मधला दुवा आहे खरेदी. आधारभूत किंमत ही सरकारने केलेली घोषणा असते. त्या किमतीला कोणी माल घेतला नाही, तर शेतकऱ्याला न्यायालयात जाता येत नाही. उसाचे तसे नाही. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यावर १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे पैसे अनेकदा थकतात, त्यासाठी सोलापुरात आंदोलने होतात. पण आंदोलन करायला हातात कायदा तरी असतो. ज्वारीवाल्याच्या हातात फक्त वर्तमानपत्रातला आकडा असतो.

खरेदीचे प्रमाण पाहा. २०२३-२४च्या खरीप पणन हंगामात देशभरात सुमारे ५२५ लाख टन तांदूळ सरकारने घेतला. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी अशी सगळी भरडधान्ये मिळून साडेबारा लाख टनांच्या आसपास, आणि हा त्याआधीच्या दहा वर्षांतला उच्चांक म्हणून सांगितला गेला. म्हणजे तांदळाच्या बेचाळीस पोत्यांमागे सगळ्या भरडधान्यांचे मिळून एक पोते.

भारतीय अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने जानेवारी २०१५मध्ये दिलेल्या अहवालात देशातले फक्त ६ टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला आधारभूत किमतीत माल विकतात असे म्हटले होते. त्यावरून बराच वाद झाला. सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या वादाचे फारसे कारण नव्हते. तो उरलेल्या ९४ टक्क्यांत होता, हे त्याला समितीआधीच माहीत होते.

भावाच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. २०२५-२६मध्ये ज्वारीचा उत्पादनखर्च क्विंटलला २,४६६ रुपये धरला गेला. त्याची दीडपट ३,६९९. ही किंमत संकरित ज्वारीची. मालदांडीला त्यावर ५० रुपये जास्त. २०१८-१९मध्ये हा फरक २० रुपयांचा होता. म्हणजे मालदांडीचा खर्च वेगळा मोजून तिचा भाव ठरत नाही. संकरित वाणाच्या भावात थोडी भर घालून तो काढला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायची, थंडीच्या दवावर वाढवायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताने उपटून काढायची, कणसे खुडायची, कडबा बांधायचा. या सगळ्या कष्टाचा संकरित ज्वारीच्या हिशेबाशी काय संबंध? बाजाराला हा फरक कळतो. बार्शीच्या नाहीतर सोलापूरच्या अडतीवर शुभ्र, टपोऱ्या मालदांडीला संकरित ज्वारीपेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो. २०२३च्या पावसाळ्यात तर चांगल्या मालाने घाऊक बाजारात ५ हजारांचा टप्पा ओलांडला होता. सरकारी दरपत्रकात मात्र फरक ५० रुपयांचाच.

उत्पादकतेचा आकडा या सगळ्याहून जास्त बोचतो. १९६०-६१मध्ये देशात हेक्टरी ८५१ किलो गहू पिकत होता आणि महाराष्ट्रात हेक्टरी ६७२ किलो ज्वारी. फरक पावणेदोनशे किलोंचा. २०२३-२४मध्ये गहू ३,५५९ किलोंवर गेला, चौपटीहून जास्त. महाराष्ट्राची ज्वारी २०१०-११सारख्या बऱ्या वर्षात ८५० किलो होती. म्हणजे पन्नास वर्षे घालवून ज्वारी तिथे पोहोचली, जिथून गव्हाने सुरुवात केली होती.

२०२५-२६च्या सरकारी भावाने याचे पैसे केले तर गव्हाचे हेक्टरी सुमारे ९२ हजार रुपये होतात, ज्वारीचे सुमारे ३२ हजार. ऊस हेक्टरी ८० टन धरला तर २ लाख ८४ हजार. तोडणी-वाहतूक वजा होते, ऊस बारा ते अठरा महिने रान अडवून बसतो आणि ज्वारीला कडब्याचे उत्पन्न वेगळे असते. दुष्काळी वर्षात कडब्याचा शेकडा दाण्याइतकाच पैसा देऊन जातो. हे सगळे मान्य करूनही दरी भरत नाही.

ही दरी निसर्गाने पाडलेली नाही. मालदांडीचे एम ३५-१ हे वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडले गेले आणि त्यानंतर कितीतरी नवी वाणे येऊनही शेतकरी आजही तेच नाव घेतो. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३मध्ये सुरू झाले, म्हणजे हरितक्रांतीच्या तीस वर्षे आधी. राहुरी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती ही वाणे दिली, सोलापुरात रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्र उभे राहिले. विज्ञान जवळ होते. पाणी, पतपुरवठा आणि खात्रीचे गिऱ्हाईक हे तिन्ही मात्र दुसऱ्या पिकांकडे गेले. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले, त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसी. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या जिल्ह्यात त्या पाण्याच्या मागे साखर कारखाने उभे राहिले. आज त्यांची संख्या तीसच्या वर आहे. राज्यात ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाच्याच अहवालात नोंदले गेले आहे. प्रत्येक सहकारी कारखान्याला अध्यक्ष आहे, संचालक मंडळ आहे, हजारो सभासद आहेत, म्हणजेच बांधलेले मतदार आहेत. ज्वारीला यातले काहीच नाही. ज्वारी पिकवणारा एकेकटा आहे आणि त्याचे म्हणणे मुंबई-दिल्लीपर्यंत नेणारी संस्था कधी उभीच राहिली नाही.

सरकारने ज्वारीकडे नेहमीच पाठ फिरवली होती, असे मात्र नाही. एक काळ असा होता की सरकारला ज्वारी हवीच होती, आणि तो काळ शेतकऱ्याला आजही कडवट आठवतो. १९६५च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग दोन्ही स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, १९६६मध्ये, देशाला एक कोटी टनांच्या आसपास धान्य आयात करावे लागले. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या सरकारने भात आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. मग लेव्ही आली. जमिनीच्या प्रमाणात ठरलेली पोती सरकारला घालायचीच, आणि तीही बाजारापेक्षा कमी भावाने. १९६४मध्ये आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी त्याच काळात खेड्यापाड्यांत पोहोचली. तिने पोती भरली. पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडे आणि भाकरीला ती चव येत नसे. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर खाल्लेली पिढी सोलापूर जिल्ह्यात अजून आहे. त्या पिढीने दुष्काळी कामावर खडी फोडून ती मिलो मिळवली.

मग पंजाब-हरियाणाच्या गव्हाने कोठारे भरली आणि सरकारची ज्वारीची गरज संपली. माझ्या मते हा सगळ्यात अन्यायाचा भाग आहे. सरकारला भूक होती तेव्हा त्याने ज्वारी कमी भावात सक्तीने उचलली. ज्वारीला गिऱ्हाईक हवे होते तेव्हा सरकार तिथे नव्हते. सक्ती गेली हे चांगलेच झाले. सक्तीच्या जागी आधार यायला हवा होता, तो आला नाही.

दरम्यान पंजाबात खरेदीभोवती एक भक्कम व्यवस्था तयार झाली. तिथे धान्याच्या खरेदीवर बाजार शुल्क ३ टक्के, ग्रामविकास शुल्क ३ टक्के आणि अडत्यांची अडत अडीच टक्के असे मिळून साडेआठ टक्के बसत आले. राज्य सरकार, अडत्या, गिरणीवाला, वाहतूकदार आणि शेतकरी या सर्वांचे हित एकाच खरेदीला बांधलेले. म्हणून जून २०२०मध्ये तीन कृषी अध्यादेश आले तेव्हा पंजाब पेटून उठला आणि वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसला. १९ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधानांना त्या अध्यादेशांचे झालेले कायदे मागे घेण्याची घोषणा करावी लागली. सोलापुरात त्या आंदोलनाला सहानुभूती होती, तशी धार नव्हती. कारण गमावण्याजोगी सरकारी खरेदीच इथे नव्हती. या कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते, बाजार खुला करा हा महाराष्ट्रातला जुना आग्रह त्यांनी मांडला. एका बाजूला खरेदीची हमी मागणारे, दुसऱ्या बाजूला खुला बाजार मागणारे. पण ज्याला हमी कधी मिळाली नाही आणि ज्याचा खुला बाजार शेजारच्या दुकानातल्या मोफत गव्हाने दाबून टाकला आहे, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचा विचार दोन्हीकडे झाला नाही.

मोफत गव्हाचा हा दाब नीट समजून घ्यायला हवा. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य मिळते. २०२३पूर्वी त्यासाठी, माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ धरले तर, ६० रुपये पडत. आता शून्य. तेवढीच ज्वारी ४० रुपये किलोने घ्यायची तर हजार रुपये लागतात. मजुरी करणारी बाई घरात भाकरी हवी म्हणून हजार रुपये मोडणार नाही, आणि तिने मोडावेत असे सुचवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मोफत धान्याने भूक कमी केली आहे. ते बंद करा असे म्हणणारे लोक मजुराच्या घरातला महिनाअखेरीचा हिशेब मोजत नाहीत. प्रश्न फुकट देण्याचा नाही. प्रश्न आहे फुकट दिल्या जाणाऱ्या यादीत इथले धान्य का नाही, हा.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: ज्वारी टिकत नाही. भरडधान्य खरेदी केले की ठरावीक मुदतीत वाटून संपवावे असा केंद्राचा नियम आहे. ज्वारीसाठी ती मुदत तीन महिने होती, डिसेंबर २०२१मध्ये ती सहा महिने केली गेली. कोठारातला किडीचा त्रास खरा आहे. पण सोलापूरच्या जुन्या घरांतली बळदे आणि पेवे ज्वारी वर्ष-वर्षभर सांभाळत आली आहेत. मार्चमध्ये घेतलेली ज्वारी ऑगस्टपर्यंत त्याच जिल्ह्यात वाटायची असेल, तर सहा महिने पुरेसे आहेत. अडचण वेळेची आहे. ज्वारी मार्चमध्ये खळ्यावर येते आणि रब्बीच्या भरडधान्याची सरकारी खरेदी सुरू होईपर्यंत मे-जून उजाडतो. तोवर ऑनलाइन नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, बारदान्याची वाट. ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि मार्चअखेर गाठायची आहे, तो थांबू शकत नाही. माल आधीच अडतीवर गेलेला असतो.

रोख पैसे द्या, ज्याला जे हवे ते तो घेईल, हा दुसरा मार्ग. महाराष्ट्राने तो एका कोपऱ्यात वापरून पाहिला. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०२३पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये आणि पुढे १७० रुपये देण्याचे ठरले. धाराशिव त्या यादीत आहे. धाराशिवला लागून असलेल्या बार्शी तालुक्याचे रान, पाऊस, पीक सारखेच. पण तो सोलापूर जिल्ह्यात, म्हणून यादीबाहेर. १७० रुपयांत चाळीसच्या दराने सव्वाचार किलो ज्वारी येते, भाव पन्नास झाला की साडेतीन किलोंच्या खाली. दुष्काळात धान्य महागते तेव्हाच रोख रक्कम आटते. ज्या जिल्ह्याने १८७६ आणि १८९६चे दुष्काळ सोसले, त्याला हे वेगळे सांगायला नको.

या जिल्ह्यात सरकारी धान्याची गोष्ट फार जुनी आहे. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले, अशी परंपरा सांगते. ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच मंगळवेढ्यातल्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आणि तिथला सहकारी साखर कारखानाही दामाजींच्याच नावाने उभा आहे.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. राज्याच्या अर्थसंकल्पात २०० कोटींचे श्री अन्न अभियान आणि सोलापुरात श्री अन्न उत्कृष्टता केंद्र जाहीर झाले. वर्ष संपायच्या आत ते केंद्र बारामतीला नेण्याचा निर्णय झाला आणि सोलापुरात संताप उसळला. केंद्र कुठे आहे यापेक्षा ज्वारी कोण विकत घेतो, हा प्रश्न मोठा. पण राजकारणात ज्वारीचे वजन किती, हे त्या निर्णयाने उघड केले.

मग काय करता येईल? सगळ्या महाराष्ट्राला रेशनवर ज्वारी देता येणार नाही. ७ कोटी लोकांना माणशी महिना २ किलो म्हणजे वर्षाला १६ लाख ८० हजार टन. राज्यात तेवढी विकायला शिल्लकच राहत नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या १० लाख लोकांपासून सुरुवात केली तर? माणशी २ किलो धरून वर्षाला २४ हजार टन. हेक्टरी ८०० किलोंच्या हिशेबाने ३० हजार हेक्टरांचे पीक, आणि जिल्ह्यात रब्बी ज्वारी लाखांत हेक्टर आहे. ३,७४९च्या भावाने खरेदीचा खर्च सुमारे ९० कोटी. तेवढाच गहू वाचेल. महामंडळाला तो क्विंटलला २,९००च्या आसपास पडतो, म्हणजे जवळपास ७० कोटी तिथेच सुटतील. हमाली, बारदाना, साठवण धरून वरचा बोजा वीस कोटींच्या थोडा वर.

हा खर्च परवडत नाही असे कोणी म्हणत असेल, तर शेजारी दुसरा आकडा ठेवावा. २०२४-२५च्या इथेनॉल वर्षासाठी अन्न महामंडळाच्या कोठारातला ५२ लाख टन तांदूळ क्विंटलला २,२५० रुपयांनी देण्याचे ठरले. महामंडळाला तो सुमारे ४,०००ला पडतो. सगळा उचलला गेला तर तूट ९,१०० कोटींची. मोटारीच्या टाकीत जाणाऱ्या तांदळासाठी हे पैसे आहेत.

या योजनेने ज्वारीचे सगळे दुखणे जाणार नाही. हाताने उपटायला मजूर मिळत नाही, पाखरे राखायला माणूस नाही, सोलापूरच्या काळ्या रानात चालेल असे काढणीचे यंत्र अजून घरोघर नाही. ही कारणे रेशनइतकीच खरी आहेत. बाजारभाव आधारभूत किमतीच्या वर असेल त्या वर्षी शेतकरी सरकारला माल घालणार नाही, आणि घालू नये. तेव्हा गहू चालू ठेवावा. पण भाव पडेल त्या वर्षी खाली एक तळ असेल, आणि तो जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला माहीत असेल.

यासाठी संसदेत नवा कायदा लागत नाही. भरडधान्य २०१३पासून कायद्यात आहे, राज्याने खरेदी करून राज्यातच वाटावे याची मुभा आहे. लागतात ते दोन निर्णय: रब्बी ज्वारीचे खरेदी केंद्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात उघडायचे, आणि सोलापूर जिल्ह्याच्या रेशन कोट्यात गव्हाच्या जागी दोन किलो ज्वारी मागण्याचा हक्क शिधापत्रिकाधारकाला द्यायचा. जिल्ह्यातून अकरा आमदार निवडून जातात. कारखान्याची थकबाकी विचारायला आपण त्यांच्या दारात जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मार्चमधल्या खरेदी केंद्राबद्दलही विचारा.